वाफेवर इंजिन चालतंच हो, पण मायलेज मोजून सांगा

संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका डिप्लोमाच्या पोराची बातमी आली होती, घरी बनवलेलं छोटं इंजिन त्याने पेट्रोलच्या नुसत्या वाफेवर चालवलं, दोन चमचे पेट्रोलमध्ये अर्धा तास चाललं, आणि हेच तंत्र मोटारसायकलला लावलं तर लिटरला दोनशे किलोमीटर जाईल असं खाली लिहिलेलं. सोबत फोटो, पोरगा हसतोय, टेबलावर इंजिन आणि शेजारी काचेची बाटली. बातमीचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे, मला त्यात काडीची शंका नाही, पोराचं कौतुकच. दुसरा अर्धा भाग मात्र कुणी मोजूनच बघितलेला नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेमका तोच फिरतोय. माझ्याकडे तर तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला, एकात तर पेट्रोल कंपन्यांनी हा शोध दाबून टाकला असंही कुणीतरी जोडलेलं होतं, अजून आठवडा झाला नाही तोवर दाबून पण टाकला!

मी आयटीआयला फिटर-टर्नरच्या पोरांना शिकवायचो, आता रिटायर आहे. कोल्हापूरचा माणूस, उद्यमनगरात ऑइल इंजिनची कास्टिंगं घासताना बघत मोठा झालो, त्यामुळे इंजिनचा किडा डोक्यातून काही जात नाही. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ आहे त्यावर असली छोटी इंजिनं बनवत असतो. सध्या चालू आहे ते २६ एमएम बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), २८ स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे १५ सीसीला थोडं कमी. सिलिंडर बिडाचा, पिस्टन पण बिडाचाच, रिंगा नाहीत, लॅपिंग करून, म्हणजे बारीक पावडरने घासून घासून, बसवलाय. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कॅमवर चालतो आणि इनलेटचा नुसता हलक्या स्प्रिंगवर, पिस्टन खाली गेला की ओढीनेच उघडतो, फार पूर्वीच्या इंजिनात असायचा तसा. प्लग १० एमएमचा, स्पार्क गाडीच्या सीडीआयवरून, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खोक्यावरून. आणि हो, पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरच्या जागी वाफेचा डबा. म्हणून म्हणलं आपण लिहावं.

मुळात लोक असं का करतात ते सांगतो. एवढ्या लहान इंजिनाला नेहमीचा कार्बोरेटर बनवायचा म्हणजे जेटचं, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीचं, भोक केसाएवढं लागतं. एवढं बारीक ड्रिल घरच्या मशीनवर मारताना तुटतंच, आणि भोक पडलं तरी पेट्रोलमधला एक कण अडकला की खेळ खलास. त्यापेक्षा एक झाकणबंद डबा घ्या, तळाला बोटभर पेट्रोल, एक नळी पेट्रोलमध्ये बुडवलेली, दुसरी वरच्या रिकाम्या जागेतून इंजिनाकडे. इंजिन ओढतं तसे पहिल्या नळीतून बुडबुडे येतात, हवा पेट्रोलमधून वर येताना वाफ घेऊन येते आणि पुढे जाते. जेट नाही, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट नाही, काही नाही. काही जण बुडबुडे न काढता हवा नुसती पेट्रोलवरून फिरवतात, काही जण वात घालतात. सगळ्याचं तत्त्व एकच.

पण एवढ्यावर इंजिन चालत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच ते मिश्रण पेटतं, कमी असलं तर पेटत नाही आणि जास्त असलं तरी पेटत नाही. आणि आपल्याकडच्या ३० डिग्रीच्या दुपारी ताज्या पेट्रोलमधून निघालेल्या हवेत वाफ एक तृतीयांशाच्या वरच असते. म्हणजे डब्यातून येतं ते फार घट्ट. म्हणून इंजिनाच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून त्यात बाहेरच्या हवेसाठी स्क्रू ठेवावा लागतो, तो अर्धा-पाव आटा फिरवत बसायचं, आधी इंजिन काळा धूर काढून गुदमरतं, मग दोन-चार खोकले, आणि एका ठिकाणी असं सुरेख पकडतं की बास. त्या क्षणासाठी माणूस हे सगळं करतो, यात मायलेज वगैरे काही डोक्यात नसतं हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

खरी गंमत पुढे आहे, आणि बातमी लिहिणाऱ्याने अर्धा तास तिथं थांबून बघितलं असतं तर त्यालाही दिसली असती. इंजिन चालू झाल्यावर थोड्या वेळाने डब्याला हात लावून बघा, गार पडलेला असतो, पावसाळ्यात तर बाहेरून दव सुटतं. वाफ व्हायला उष्णता लागते ती पेट्रोल स्वतःतूनच काढतं, मग पेट्रोल गार, मग वाफ कमी, मग मिश्रण पातळ, की लागले फटाके इनलेटमधून. दुसरं म्हणजे पेट्रोल हा काही एक पदार्थ नाही, खूप पदार्थांची मिसळ आहे, त्यातले हलके ३५-४० डिग्रीला उकळतात आणि जड २१० डिग्रीपर्यंत. हवा आधी हलके पळवते. सुरुवातीला इंजिन एकदम खुशीत, आणि जसजसं हलकं संपत जातं तसतसा हवेचा स्क्रू बंद करत जावा लागतो, शेवटी डब्यात जे उरतं त्याला जवळजवळ रॉकेलसारखा वास येतो, त्याची वाफच निघत नाही, इंजिन बंद पडतं. डब्यात बघाल तर पेट्रोल अजून शिल्लक! आता ते शिल्लक फेकून द्यायचं आणि म्हणायचं बघा एवढंसंच जळलं, तर तो हिशोब कसला? आणि आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, त्याला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे डबा गार पडायला आणखी एक कारण.

हे सगळं नवीन आहे का, तर बिलकुल नाही. उलट जगातली पहिली पेट्रोलची गाडी अशीच चालायची. जर्मनीत कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेली तीनचाकी, एका सिलिंडरचं ९५४ सीसीचं इंजिन, ताकद एक हॉर्सपॉवर पण नाही, तिला वाफेचाच कार्बोरेटर होता आणि त्याच भांड्यात साडेचार लिटर इंधन, तीच टाकी. त्याची बायको बेर्टा १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन पोरांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, शंभरेक किलोमीटर, वाटेत इंधन संपलं तर वीस्लोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. लिग्रोइन म्हणजे पेट्रोलचाच भाऊ, तेव्हा कपड्यावरचे डाग काढायला विकत मिळायचं. आणि तेव्हा या भांड्यात असलंच निवडक हलकं इंधन घालायचे, कारण वर सांगितलेली जडाची भानगड त्यांनाही झालेली होती.

मग हे सोडलं का? १८९३ च्या सुमाराला जर्मनीत मायबाखने आणि तिकडे बुडापेस्टला बांकी आणि चोंका या दोघांनी जेटमधून पेट्रोल फवारणारा कार्बोरेटर काढला. त्यात हलकं-जड सगळं पेट्रोल एकाच मापात आत जातं, उन्हाळा-हिवाळा फार फरक नाही, अ‍ॅक्सिलरेटर दिला की लगेच प्रतिसाद, आणि मुख्य म्हणजे इंजिनाला चिकटून वाफेने भरलेलं भांडं नाही. म्हणजे वाफेचा कार्बोरेटर कुणी दाबून टाकला नाही, त्याच्याहून बरा आला म्हणून तो मागं पडला. आपल्याकडे रॉकेलवर चालणारे शेतीचे पंप होते ते आठवत असतील जुन्या लोकांना, पेट्रोलवर चालू करायचे आणि इंजिन तापलं की रॉकेलवर टाकायचे, कारण गार इंजिनात रॉकेलची वाफच होत नाही. गॅसबत्तीला सुद्धा आधी स्पिरिटने तापवल्याशिवाय रॉकेल वाफ होऊन मेंटलपर्यंत पोचत नव्हतं. वाफेची विद्या आपल्या लोकांना काही परकी नाही.

आता मायलेज. लोकांची समजूत अशी की कार्बोरेटरमधून पेट्रोलचे थेंब जातात, ते अर्धवट जळतात, बाकीचं सायलेन्सरमधून वाया जातं, आणि वाफ केली की सगळं जळणार. ऐकायला पटतं. पण गरम झालेल्या, नीट ट्यून असलेल्या इंजिनात पेट्रोलमधली ९५ ते ९८ टक्के ऊर्जा आत्ताच मोकळी होते, पेट्रोल न जळल्यामुळे वाया जाते ती उरलेली दोन ते पाच टक्के. बाकी जे जातं ते उष्णता म्हणून जातं, सायलेन्सर तापतो, सिलिंडरच्या पंखांवर हात ठेवता येत नाही, तिकडे. ते वाफेने वाचत नाही. खडीसाखर कुटून पिठीसाखर केली म्हणून तिची गोडी वाढते का, विरघळायला सोपी जाते एवढंच.

आकडा हवा असेल तर लाइट बिलाच्या भाषेत सांगतो. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे नऊ युनिट ऊर्जा, ती द्रवात असो की वाफेत. छोट्या मोटारसायकलचं इंजिन त्यातली साधारण पाव ऊर्जा चाकाकडे पाठवतं, म्हणजे सव्वादोन युनिट, आणि तेवढ्यात गाडी ६० किलोमीटर जाते असं धरा. त्याच गाडीने, त्याच वेगाने, त्याच रस्त्याने २०० किलोमीटर जायचं तर चाकाला साडेसात युनिट लागणार, नवातले साडेसात! म्हणजे इंजिनाने ८० टक्क्यांहून जास्त उष्णता कामाला लावली पाहिजे. मोठ्या जहाजांची डिझेल इंजिनं, घराएवढाली, ती ५० टक्क्यांच्या आसपास पोचतात. टेबलावरचं इंजिन ८० ला पोचलं असेल तर त्या पोराला पेपरात फोटो कशाला, थेट नोबेलच द्यायला हवं.

मग दोन चमच्यात अर्धा तास कसं चाललं? चाललं असणार, त्यात खोटं काही नाही. माझंच इंजिन घ्या, १५ सीसी, मिनिटाला १५०० फेरे. फोर स्ट्रोक म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढणार, मिनिटाला ७५० वेळा, एकूण फार तर ११ लिटर हवा. एक ग्रॅम पेट्रोल जळायला साधारण १२ लिटर हवा लागते. म्हणजे थ्रॉटल, मिश्रण कमी-जास्त सोडणारी झडप, पूर्ण उघडलं तरी मिनिटाला एक ग्रॅमच्या आतच पेट्रोल जाणार, आणि काही काम न करता नुसतं फिरतंय, थ्रॉटल बंदच्या जवळ, तर त्याच्या पाव. दोन चमचे म्हणजे १० एमएल, सात-साडेसात ग्रॅम. झाला की अर्धा तास! एवढासा जीव आहे त्याचा, पिणार किती? पण ते अर्धा तास स्वतःचं फ्लायव्हील सोडून काहीच फिरवत नव्हतं. त्यावरून मोटारसायकलचं मायलेज काढायचं म्हणजे गाडी स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची आणि किलोमीटर मोजायचे.

वाफेत काहीच फायदा नाही असं मी म्हणत नाही. मिश्रण एकसारखं होतं त्यामुळे जरा पातळ मिश्रणावरही इंजिन न अडखळता चालतं, कमी लोडवर थोडीफार बचत दिसू शकते. पण वाफ गरम करून दिली तर आत जाणारी हवा पण गरम, पसरलेली, म्हणून ताकद कमी. एका हाताने दिलं दुसऱ्याने घेतलं.

कॅनडात विनिपेगला चार्ल्स पोग नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात वाफेच्या कार्बोरेटरची पेटंटं घेतली होती आणि गॅलनला २०० मैलांची हवा झाली होती, आज नव्वद वर्षं होत आली, ती पेटंटं कुणालाही वाचायला उघडी आहेत, त्यावरून तेवढं मायलेज देणारी गाडी रस्त्यावर आलेली नाही. आपल्याकडे १९९६ साली तामिळनाडूतल्या रामर पिल्लैचं झाडपाल्याचं पेट्रोल असंच सगळ्या पेपरांनी डोक्यावर घेतलं होतं, पुढं प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या कोर्टाने शिक्षा सुनावली. या डिप्लोमाच्या पोराला त्या रांगेत मी अजिबात बसवत नाही, तो फसवत नाहीये, त्याने इंजिन स्वतः बनवलंय, ते चालतंय. त्याच्या तोंडी दोनशे किलोमीटर कुणी घातले तो भाग वेगळा.

आणि आता ती काचेची बाटली, हे पत्र लिहायचं खरं कारण तीच आहे. फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. ताज्या पेट्रोलच्या डब्यात वाफ इतकी घट्ट असते की आतल्या आत पेटत नाही, त्यामुळे पहिले काही दिवस काही होत नाही आणि पोरांना वाटतं सेफ आहे. पण वर सांगितलं तसं पेट्रोल गार झालं, हलका भाग संपत आला, की बाटलीतली वाफ उतरत उतरत नेमकी पेटणाऱ्या मापात येते. आणि तेव्हाच मिश्रण पातळ होऊन इंजिन इनलेटमधून फटाके मारत असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतात, ज्वाला नळीतून मागे बाटलीत, आणि काच म्हणजे सरळ छर्रे. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते, शेजारच्या खोलीत देवघरात समई लावलेली असली तर तिथपर्यंत.

ज्याला करायचंच आहे त्याने काय करावं तर डबा धातूचा घ्यावा, झाकण आट्याचं नको, नुसतं दाबून बसणारं, म्हणजे आत भडकलं तर झाकण उडेल, डबा फुटणार नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बारीक पितळी जाळीच्या चकत्या एकावर एक घालाव्यात. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणीतल्या दिव्याला इंचाला २८ तारांची जाळी लावली होती ती याच कारणासाठी, ज्वाला जाळीतून जाताना गार होऊन विझते. भांडी घासायची तारेची घासणी कोंबून भागत नाही, तिच्यात बोट जाईल एवढ्या फटी असतात. सलाइनची नळी वापरू नये, पेट्रोलने ती कडक पडते आणि जॉइंटला सुटते, गाडीच्या पेट्रोल लाइनचा पाइप घ्यावा. डब्यात पेट्रोल ३०-४० एमएलच्या वर नको आणि चालू असताना वरून भर तर मुळीच घालू नये. काम उघड्यावर, शेजारी वाळूची बादली, आणि एकट्याने करू नये. माझ्या शेडमध्ये भाचा असला तरच मी इंजिन चालू करतो, तो कंटाळतो, पण बसतो.

एक गंमत सांगायची राहिली. बातमी लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या दारात नव्या मॉडेलची स्कूटर असेल तर तीही थोडीफार वाफेवर चालते. टाकीत उन्हाने जी वाफ होते ती पूर्वी हवेत जायची, आता कोळशाच्या एका छोट्या डब्यात साठवतात, त्याला कॅनिस्टर म्हणतात, आणि इंजिन चालू झालं की ती वाफ ओढून जाळली जाते. मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना वाफ माहीत नाही असं काही नाही.

तर साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी असली बातमी आली की वार्ताहराला सांगा, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा ने. डबा पेट्रोलसकट आधी तोल, नंतर तोल, आणि डब्यात उरलेलं वापरलं नाही असं नको धरूस, ते पुन्हा चालतंय का विचार. इंजिनाला लोड लाव, छोटी डीसी मोटर पट्ट्याने जोडली आणि तिच्यावर गाडीचा १० वॅटचा इंडिकेटर बल्ब लावला तरी चालेल. मग तोच बल्ब, तेवढीच मिनिटं, तेच इंजिन साध्या कार्बोरेटरवर. दोन आकडे शेजारी शेजारी छापा. वाफेवर शंभरातलं पाच ग्रॅम कमी गेलं असेल तर तीही मोठी बातमी आहे, मी स्वतः पेढे घेऊन येईन.

आणि त्या पोराला माझा निरोप द्या, बाटली बदल. जिल्ह्यातल्या कुठल्याही आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला रोप ब्रेक, म्हणजे दोरीने लोड देऊन इंजिनाची ताकद मोजायचं साधन, असतो, बऱ्याच ठिकाणी धूळ खात पडलेला असतो, प्राचार्यांना भेटून मागून घे, नाही म्हणणार नाहीत. पितळी जाळी माझ्याकडे बरीच शिल्लक आहे, माझा पत्ता तुमच्या ऑफिसला वेगळा कळवलाय, त्याने येऊन घेऊन जावी.

कळावे,
आपला,
एक रिटायर्ड आयटीआय इन्स्ट्रक्टर, कोल्हापूर